फेस्त जवळ आले, मान सांभाळा!

नोव्हेंबर सरत आला की गोव्यातल्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्यांची धावपळ वाढते. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त ३ डिसेंबरला असते. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालतो आणि मागोमाग नाताळ येतो. एरवी फक्त रविवारच्या मिस्सेत वाजवणारे अनेक हौशी वादक या दिवसांत रोज सराव करतात. मान आणि खांदा कुरकुरू लागतात ते नेमके याच काळात.

गोव्यात ही परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. हिंदी चित्रपटसंगीतातले नामवंत व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) माजोर्ड्याच्या अशाच वातावरणात वाढले.

व्हायोलिनचे वजन जेमतेम अर्धा किलो. त्रास होतो तो वजनापेक्षा स्थितीमुळे. वाद्य हनुवटी आणि डाव्या खांद्यामध्ये धरताना मान डावीकडे वळते आणि झुकते, डावा हात कोपरात वाकून बाहेर वळलेला राहतो, तर गज धरणारा उजवा हात उचललेलाच असतो. असे सतत आखडलेल्या स्नायूंना रक्तपुरवठा कमी पडतो आणि ते लवकर थकतात. सवय नसताना सराव एकदम वाढला, की थकव्याचे रूपांतर दुखण्यात होते.

कानाचेही तसेच. वाद्य डाव्या कानाच्या अगदी जवळ असते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. लहान खोलीत जोरात वाजवताना ही पातळी गाठता येते. सरावानंतर कानात गुणगुण होणे हा इशारा समजावा. कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

उपाय साधे आहेत. सराव महिनाभर आधीपासून थोडा थोडा वाढवावा. दर २५ मिनिटांनी पाच मिनिटे वाद्य खाली ठेवावे. हनुवटीचा आणि खांद्याचा आधार आपल्या मानेच्या उंचीप्रमाणे बसवून घ्यावा. नवी गीते आधी वाद्याशिवाय वाचून पाठ करावीत.

डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होणे, पकड ढिली पडणे, रात्री दुखण्याने जाग येणे, यांपैकी काहीही झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. दुखत नसतानाही फक्त वाजवतानाच बोटे आपोआप आत वळत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे.

सेवा म्हणून वाजवणारे वादक दुखणे अंगावर काढतात, वेदनाशामक गोळी घेऊन मिस्सेला उभे राहतात. गोळीने वेदना दबते, इजा वाढतच जाते. गायकवृंदाच्या प्रमुखांनी दुसरा वादक तयार ठेवला, तर एका संध्याकाळी विसावा घेताना कोणालाही अपराधी वाटणार नाही.