आधी सीपीयूची पाठ पाहा

माझी धाकटी बहीण लातूरला असते. अर्ज, करारनामे, लग्नपत्रिकांचा मजकूर असं टायपिंगचं काम ती घरीच करते. तिचा संगणक जुना आहे. नवा घे, असं सगळे सांगतात. पण तिच्या सगळ्या फायली युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमधल्या. नव्या संगणकावर तो फाँट नसेल, तर मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात.

दोन वर्षांपूर्वी तिचा ट्यूबचा मॉनिटर बंद पडला. एका वकिलांचे कागद सोमवारी द्यायचे होते. मी नांदेडला वजिराबादेतून नवा मॉनिटर घेतला आणि रविवारी एस.टी.नं लातूर गाठलं. खोकं उघडल्यावर बहीण म्हणाली, "दादा, ही वायर लावायची कुठं?"

चूक माझीच होती. तिच्या सीपीयूच्या मागं एकच जागा होती, निळी, पाच-पाच छिद्रांच्या तीन ओळींची. हे व्हीजीए, १९८७ सालचं. माझ्या मॉनिटरला मात्र फक्त एचडीएमआय होतं. जुन्या संगणकांत पांढरं, रुंद डीव्हीआयही असतं. ते असेल तर साध्या केबलवर भागतं, कारण डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचं चित्र बहुधा एकाच डिजिटल भाषेत जातं. व्हीजीएची भाषा वेगळी. तिथं विजेचा दाब कमी-जास्त होऊन रंग ठरतात.

म्हणूनच गंजगोलाईतून आणलेली केबल चालली नाही. तिच्या एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्याला एचडीएमआय. पण आत नुसत्या तारा. भाषांतर कोण करणार? त्यासाठी कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला दिशा असते. दुकानात सहज मिळतो तो नव्या लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडण्याचा, म्हणजे एचडीएमआयकडून व्हीजीएकडे. आम्हाला उलटा हवा होता. तो तिसऱ्या दुकानात मिळाला. त्याची यूएसबीची वायरही संगणकाला जोडावी लागते, कारण त्याला वीज लागते. व्हीजीए असलेला मॉनिटर मागितला असता, तर हा खटाटोप वाचला असता. असे मॉनिटर आजही मिळतात.

सुरुवातीची इंग्रजी अक्षरं दिसली आणि विंडोज येताच पडदा काळा! अशा वेळी पुष्कळ जण मॉनिटर परत करायला निघतात. पण सुरुवातीची अक्षरं दिसतात, म्हणजे जोडणी ठीक आहे. जुना ट्यूबचा मॉनिटर ८५ हर्ट्झवर लावलेला होता. नव्याला ते झेपेना. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून आम्ही १०२४ बाय ७६८ आणि ६० हर्ट्झ ठेवलं. जुना मॉनिटर चालू असतानाच हे करून ठेवलेलं बरं.

रात्री अकराला वकिलांची फाईल उघडली. रुंद पडद्यावर अक्षरं आडवी फुगलेली दिसत होती. बहीण घाबरली. प्रिंट काढली, तर कागदावर ती नेहमीसारखीच होती.