विंडोज फुकटची, अँटीव्हायरस विकतचा

२६ एप्रिल १९९९ ला सोमवार होता. आठवड्याचं काम सुरू करायला लोकांनी संगणकाचं बटण दाबलं. दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, भारत अशा अनेक देशांत पंखा फिरला, दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी जागा झाला होता. चेर्नोबिलच्या दुर्घटनेची तारीख तीच, म्हणून त्याला चेर्नोबिल हे नाव चिकटलं. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तो पुसून टाकायचा आणि काही मदरबोर्डांवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या बायॉस चिपमध्ये कचरा भरायचा. मग फॉरमॅट मारूनही उपयोग नसे, चिपच बदलावी लागे. गेम आणि सॉफ्टवेअरच्या चोरट्या सीड्यांतून तो भरपूर पसरला होता, आणि तशा सीड्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत सगळीकडे मिळत.

अँटीव्हायरस ही पैसे देऊन घ्यायची वस्तू आहे, हे आपल्याकडच्या घरगुती ग्राहकाला पटलं ते साधारण याच सुमारास. त्याआधीचे व्हायरस उपद्रवी असले तरी घर बुडवणारे वाटत नसत. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या ‘ब्रेन’ने तर आपल्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही फ्लॉपीवर सोडला होता. मायकेलअँजेलो या व्हायरसचा बोभाटा जास्त झाला. ६ मार्च १९९२ ला तो जगभरातले लाखो संगणक बंद पाडणार, असा गाजावाजा होता आणि त्यात अँटीव्हायरस विकणारे जॉन मॅकॅफी आघाडीवर होते. प्रत्यक्षात आकडा काही हजारांच्या घरात राहिला. त्या वर्षी अँटीव्हायरसचा खप मात्र वाढला. भीती आणि विक्री यांचं हे नातं तेव्हा जुळलं ते आजवर तुटलेलं नाही.

पुण्याचा या कथेतला प्रवेश याच काळातला. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या कैलाश काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून संगणक दुरुस्तीत जम बसवला होता. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत, आणि संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय ते काढणारे छोटे प्रोग्राम लिहीत. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, ते २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांच्या भावाने तिचे शेअर बाजारात आले. पुण्यातच नेट प्रोटेक्टर तयार झाला, मुंबईत मायक्रोवर्ल्डने ईस्कॅन काढला. चेन्नईचं के-७ सोडलं तर घरगुती भारतीय अँटीव्हायरसची ठळक नावं महाराष्ट्रातली निघतात. याचं कौतुक जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, असं मला वाटतं.

ही उत्पादनं चालली त्यामागे एक साधं कारण होतं. फाइलला चिकटणारा व्हायरस ओळखणं, म्हणजे त्याच्या आतल्या ठरावीक बाइट्सचा माग काढणं, सगळ्यांनाच जमत होतं. आपल्याकडे किंमत होती ती त्याला सोलून काढून फाइल जिवंत परत देण्याला, कारण बॅकअप नावाचा प्रकार कुणाकडेच नसे. हिशेबाची फाइल उडाली तर दुसरी प्रत कुठून आणणार? शिवाय डब्यातली सीडी टाकायला घरी येणारा माणूस ओळखीचा असे. ज्याने संगणक जोडून दिला तोच ‘इंजिनिअर’ अँटीव्हायरसही टाकून द्यायचा, वर्ष सरलं की तोच फोन करून ‘काका, रिन्यूअल आलंय’ म्हणायचा. त्या काळात घरगुती ग्राहकाने अँटीव्हायरस निवडला असं म्हणणंच फारसं खरं नाही. निवड इंजिनिअर करायचा, आणि त्यात इंजिनाच्या ताकदीइतकाच डब्यामागे सुटणाऱ्या पैशांचाही हात असायचा.

त्या इंजिनिअरने यंत्रात आणखी एक गोष्ट टाकलेली असे: चोरीची विंडोज. जोडून घेतलेल्या संगणकावर अस्सल विंडोज घेणारा माणूस विरळाच. २००५ नंतर मायक्रोसॉफ्टने अस्सलपणा तपासायला सुरुवात केली, २००८ मध्ये तर खोट्या प्रतींचा डेस्कटॉप काळा पडू लागला. त्यावर इंजिनिअरकडे रामबाण उपाय होता: ऑटोमॅटिक अपडेट बंद करून टाकायचे. म्हणजे घराघरांत चित्र असं की विंडोज फुकटची आणि अँटीव्हायरस विकतचा. ज्या भिंतीला भगदाडं आहेत ती बुजवायची वाट बंद, आणि भगदाडापाशी पगारी राखणदार बसवलेला. माझ्या मते आपल्याकडच्या पुढच्या दहा वर्षांच्या त्रासाचं मूळ या एका विसंगतीत आहे.

पेन ड्राइव्हच्या काळात ती विसंगती उघडी पडली. २००५ ते २०१२ या वर्षांत कॉलेजात असलेल्या कुणालाही विचारा. प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला की तो काहीतरी घेऊनच परत यायचा. एमएस-सीआयटीचा वर्ग, सायबर कॅफे, लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला या सगळ्या ठिकाणी देवाणघेवाण चाले. फोल्डरच्या आत त्याच फोल्डरच्या नावाची ईएक्सई फाइल दिसे आणि तिचं चित्रही हुबेहूब फोल्डरचं, त्यामुळे माणूस निःशंक मनाने डबल क्लिक करायचा. टास्क मॅनेजर उघडेनासा व्हायचा, लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडला तरी आपोआप मागे जायचा. पुढे शॉर्टकटवाला प्रकार आला. सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेली चित्रं. मग कुणीतरी जाणता मुलगा काळ्या खिडकीत अॅट्रिबची आज्ञा देऊन फोल्डर परत आणायचा आणि वर्गात भाव खायचा. इंग्रजीची धास्ती घेणारी मुलंही ती आज्ञा पाठ म्हणू शकत.

या सगळ्यामागची युक्ती क्षुल्लक होती. सीडी घातली की प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा म्हणून विंडोजमध्ये ऑटोरनची सोय होती, आणि व्हायरस तिचाच आधार घेऊन पेन ड्राइव्हवर स्वार होत होते. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला कॉनफिकर व्हायरस पुढे याच वाटेनेही पसरला. ज्या भगदाडातून तो मुळात घुसला त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबरमध्येच देऊन ठेवला होता, म्हणजे रोग येण्याआधी उपाय हजर होता. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हपुरतं ऑटोरन बंदच केलेलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेटमधून जुन्या एक्सपी आणि व्हिस्टावरही ते बंद झालं, आणि पुढच्या काही महिन्यांत अशा लागणी ठळकपणे घटल्या. कॉलरा हटला तो गोळ्यांपेक्षा नळाचं पाणी शुद्ध झाल्यामुळे, तसंच हे. आपल्याकडे अपडेट बंद केलेल्या यंत्रांना हे पाणी मिळालंच नाही, आणि पेन ड्राइव्हचं दुखणं इथे रेंगाळत राहिलं.

हाच धागा मागेपुढे नेऊन पाहा. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर या ‘वर्म’ म्हणजे किड्याने एक्सपी यंत्रांना साठ सेकंदांची मुदत देऊन बंद पाडायला सुरुवात केली. वर्षभराने आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल मुळातच चालू ठेवली आणि त्या जातीच्या किड्यांची मोकळी धाव संपली. १२ मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरवरचा (म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामवरचा) अपडेट मार्चमध्येच आला होता; ज्यांनी तो घेतला ते त्या वाटेने येणाऱ्या हल्ल्यातून सुटले. ऑफिसच्या फाइलींतल्या मॅक्रोंनी, म्हणजे फाइलीत दडलेल्या छोट्या प्रोग्रामांनी, १९९९ च्या मेलिसा व्हायरसपासून छळलं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला मायक्रोसॉफ्टने २०२२ उजाडवलं. प्रत्येक साथ आटोक्यात आली ती दार बंद झाल्यावर. दार उघडं असताना अँटीव्हायरसने पुष्कळ यंत्रं वाचवली हे खरं, पण श्रेय वाटताना आपण सगळं माप त्याच्याच पदरात टाकलं.

मधल्या काळात फुकटचे अँटीव्हायरसही आले. चेक प्रजासत्ताकातले एव्हीजी आणि अवास्ट, जर्मनीचा छत्रीवाला अविरा. ब्रॉडबँड आल्यावर ते डाउनलोड करणं सोपं झालं आणि अवास्टचा डेटाबेस अपडेट झाल्याची घोषणा रात्रीबेरात्री घरात घुमू लागली. कुणी कॅस्परस्कीच्या चोरीच्या कीज शोधत बसे, म्हणजे राखणदारही चोरीचाच. फुकटचा हिशेब नंतर बाहेर आला. अवास्ट आपल्या ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकत असल्याचं जानेवारी २०२० मध्ये उघड झालं, उपकंपनी गुंडाळावी लागली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. दरम्यान अवास्टने एव्हीजी घेतलं होतं, नॉर्टनवाल्यांनी अविरा घेतलं, आणि २०२२ मध्ये नॉर्टन आणि अवास्टही एक झाले. आज नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावं जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. दुकानात किंवा जाहिरातीत त्यांची तुलना करत बसणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

२००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स फुकट दिलं, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये डिफेंडर अंगभूत केला. सुरुवातीची त्याची कामगिरी सुमार होती. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या एव्ही-टेस्ट प्रयोगशाळेने २०१२ च्या अखेरीस सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारलं होतं, तेव्हा ‘डिफेंडर काय कामाचा’ असं म्हणणारे बरोबर होते. विंडोज १० आल्यानंतर चित्र पालटत गेलं, आणि २०१९ पर्यंत तोच डिफेंडर त्याच प्रयोगशाळेच्या तक्त्यात पैकीच्या पैकी गुण घेऊ लागला. ‘डिफेंडर काय कामाचा’ हे वाक्य मात्र अजून २०१२ मध्येच अडकून पडलंय.

निवडताना ज्याचा विचार फार कमी झाला ती बाब म्हणजे विश्वास. अँटीव्हायरसला यंत्रातली प्रत्येक फाइल उघडायचा आणि हवी ती फाइल अडवायचा अधिकार असतो, म्हणून तो चुकला तर फटका मोठा बसतो. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि यंत्रं पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. ती यंत्रं कंपन्यांची होती, घरातली नव्हती. पण धडा घरालाही लागू आहे. अमेरिकेने त्याच वर्षी कॅस्परस्कीची विक्री बंद केली, तीही त्याचा अँटीव्हायरस कच्चा होता म्हणून नव्हे, तर रशियातल्या कंपनीच्या हातात एवढा अधिकार नको म्हणून.

आता चोरांनी आपला मोर्चा यंत्राकडून माणसाकडे वळवला आहे. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने मोबाइल अॅपची एपीके फाइल येते, बँकेतून बोलतोय म्हणणारा स्क्रीन शेअर करायला लावतो, डिजिटल अटकेची धमकी येते. लॅपटॉपवरचा कुठलाही महागडा अँटीव्हायरस तुम्ही स्वतः सांगितलेला ओटीपी परत आणू शकत नाही. तिथे १९३० हा हेल्पलाइन क्रमांक लगेच फिरवण्याचाच उपयोग होतो.

तेव्हा आज घरच्या लॅपटॉपसाठी माझा कौल स्वच्छ आहे. लॅपटॉपसोबत आलेली अँटीव्हायरसची चाचणी प्रत काढून टाका, डिफेंडर आपोआप चालू होतो. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन, डिफेंडर परस्पर बंद पाडू न देणारं टॅम्पर प्रोटेक्शन चालू असल्याची खात्री करा. फोल्डरांना रॅन्समवेअरपासून जपणारी कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेसची सोय तिथेच असते. ती मुळात बंद असते, हाताने चालू करावी लागते. अँटीव्हायरससाठी बाजूला ठेवलेले पैसे बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कवर घाला, आणि बॅकअप झाला की ती काढून कपाटात ठेवा. जोडलेली डिस्क रॅन्समवेअर तुमच्या लॅपटॉपसोबतच कुलूपबंद करतो.

पैसे मोजून अँटीव्हायरस घ्यायला माझी हरकत दोनच परिस्थितींत नाही. घरातल्या ज्येष्ठांना अडचण आल्यावर मराठीत बोलणारा, घरी येणारा माणूस हवा असेल तर ओळखीच्या दुकानदाराकडून घ्या. ती किंमत त्याच्या सेवेची समजा. लॅपटॉपवर धंद्याचे हिशेब आणि पक्षकारांची कागदपत्रं असतील तरीही घ्या. मात्र घेण्याआधी एव्ही-टेस्ट किंवा इन्सब्रुकच्या एव्ही-कंपॅरेटिव्हज या प्रयोगशाळेचा ताजा तक्ता पाहा, कंपनी कुणाची आहे ते बघा आणि आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाका, नाहीतर दुसऱ्या वर्षी कार्डावरून पूर्ण भाव वळता होतो.

आणि लॅपटॉपवर अजून विंडोज १० असेल, तर अँटीव्हायरसचा प्रश्न नंतरचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचं नियमित समर्थन संपलं. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची वाढीव मुदत दिली. यंत्र पेलत असेल तर विंडोज ११ घ्या, नसेल तर लिनक्स टाका, पण अपडेट बंद झालेल्या विंडोजसाठी नवा अँटीव्हायरस विकत घेऊ नका.