माळ्यावरच्या ट्रंकेतला वेताळ : जुन्या कॉमिक्सची किंमत कशी काढायची?

दिवाळीची साफसफाई निघते, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तिच्यातून पाचसहाशे कॉमिक्स बाहेर पडतात. इंद्रजाल, अमर चित्र कथा, मधेच चांदोबाचे काही अंक. घरात लगेच दोन पक्ष होतात. एक म्हणतो, रद्दीवाल्याला बोलवा. दुसरा म्हणतो, थांबा, यात लाखो रुपये असतील.

वडिलांच्या माघारी आमच्या घरी हेच झालं. मी महिनाभर बसून एकेक अंक हातात घेऊन यादी केली, तेव्हा दोन्ही पक्ष चुकल्याचं कळलं. या वाटेवर भेटलेले गैरसमज आणि त्यांचं खरं रूप इथे मांडतो. कारण रद्दीत गेलेला अंक परत येत नाही, आणि खोट्या आशेवर वर्षानुवर्षं ओलीत पडून राहिलेला संग्रहही वाचत नाही.

गैरसमज १ : जितकं जुनं, तितकं महाग.

वस्तुस्थिती : किंमत वयाला मिळत नाही. किती प्रती उरल्या आणि त्या किती जणांना हव्या आहेत, यावर ती ठरते. अमेरिकेतली दोन उदाहरणं पाहा. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ सालचा, छापील किंमत १० सेंट. त्याची एक उत्तम प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. मुलांनी तो वाचला आणि टाकून दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमांत त्या काळची असंख्य कॉमिक्स लगद्यात गेली. म्हणून उरलेल्या मोजक्या प्रतींना हा भाव.

याउलट १९९१ साली ‘एक्स-मेन’ मालिकेचा नवा पहिला अंक निघाला. त्याच्या सुमारे ८० लाख प्रती गेल्या. पुढे महाग होईल म्हणून लोकांनी तो जपून ठेवला. सगळ्यांनीच जपल्यामुळे तो आजही स्वस्तात मिळतो.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये थांबली. साधा कागद, पातळ मुखपृष्ठ. एक अंक अख्ख्या चाळीत फिरायचा, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांत झिजायचा आणि शेवटी रद्दीत जायचा. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतले धड अंक थोडे उरले. ऐंशीच्या दशकातले अंक मात्र बऱ्याच घरांत सापडतात. दोन्ही ‘जुनेच’, पण किमतीत मोठं अंतर.

गैरसमज २ : अंकावर लिहिलेला क्रमांक म्हणजे पहिली आवृत्ती.

वस्तुस्थिती : इंद्रजालसारख्या नियतकालिकाच्या अंकावर तारीख असते, तिथे काम सोपं. अमर चित्र कथेचं तसं नाही. अनंत पै यांनी १९६७ साली आकाराला आणलेल्या या मालिकेतली पुस्तकं पुन्हा पुन्हा छापली गेली आणि आजही छापली जातात. राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’ इंग्रजी मालिकेत ११ व्या क्रमांकाचा आहे. आधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेले होते. म्हणजे ‘कृष्ण’ हातात आहे एवढ्यावरून तो केव्हाचा, हे कळत नाही.

छपाईचं वर्ष दिलेलं नसेल तर अंकच साक्ष देतो. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. इंग्रजी प्रतीत ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ असेल तर ती बहुधा १९९५ नंतरची. रुपयाचं नवं चिन्ह असेल तर २०१० नंतरची. मलपृष्ठावर किंवा आतल्या बाजूला इतर पुस्तकांची यादी असते. तिच्यात नंतर निघालेली नावं दिसली, तर प्रत पहिल्या छपाईची नाही, हे नक्की.

गैरसमज ३ : मधले अंक नाहीत, म्हणजे संच फुकट गेला.

वस्तुस्थिती : आधी ते अंक निघाले होते का, हे पाहा. इंद्रजालच्या इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे अंक निघालेच नाहीत. संपामुळे ते छापले गेले नव्हते. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ हे दोन अंक कित्येक वर्षं शोधत होते. पुढे ४४३ व्या अंकानंतर क्रमांकांची पद्धतच बदलली आणि ‘वर्ष अमुक, अंक तमुक’ असं छापलं जाऊ लागलं. हे ठाऊक नसेल तर पूर्ण संचही अपुरा वाटतो.

खरोखर काही अंक नसले, तरी सलग क्रमांकांचे गट वेगळे काढावेत. इंद्रजालचा नायक वेताळ याचे सुरुवातीचे अंक किंवा आबिद सुरतींचा नायक बहादूर १९७६ साली आला त्या वेळचे अंक, असे गट करून ते शोधणारे संग्राहक असतात.

गैरसमज ४ : एका अंकाचा भाव गुणिले अंकांची संख्या म्हणजे संग्रहाची किंमत.

वस्तुस्थिती : मोठ्या संग्रहात थोडे अंक बहुतेक भार उचलतात आणि बाकीचे नुसती सोबत करतात. म्हणून तीन ढीग करा : दुर्मीळ आणि सुस्थितीतले, मध्यम, आणि सहज मिळणारे किंवा फाटके. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक अंकाची किंमत स्वतंत्र शोधा. दुसऱ्याची गटागटाने काढा. तिसऱ्याची एकगठ्ठा धरा.

सगळा संग्रह एकदम उचलणारा विक्रेता सुट्या विक्रीपेक्षा बराच कमी भाव देतो. त्याला लबाड समजू नये. न खपणारे अंकही तोच सांभाळणार असतो.

गैरसमज ५ : इंटरनेटवर जी किंमत दिसते, तीच आपल्याला मिळेल.

वस्तुस्थिती : दिसते ती मागितलेली किंमत. कुणीही काहीही मागू शकतो. ईबेसारख्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात. तेच आकडे धरा, तेही तुमच्या अंकाच्याच भाषेचे आणि त्याच अवस्थेचे. इंग्रजी अंकाचा भाव मराठी अंकाला लावू नका. इंग्रजीला गिऱ्हाईक देशभर आणि परदेशातही आहे. मराठी अंक शोधणारा वाचक संख्येने कमी, पण ज्याला हवा आहे त्याला तो मराठीतलाच हवा असतो. अशा वेळी घाई न करणाऱ्याला योग्य माणूस भेटतो.

गैरसमज ६ : दुरुस्त करून, बांधून ठेवलं की किंमत वाढते.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. अमेरिकेत २००० साली सुरू झालेली सीजीसी ही संस्था कॉमिक्सना ०.५ ते १० असे गुण देते. तिथे एकेका गुणाने किंमत बदलते. आपण घरीच अंक तपासताना नजर तशीच ठेवावी : मुखपृष्ठ आहे का, पानं मोजून पूर्ण आहेत का, पिना गंजल्या आहेत का, कसर लागली आहे का, शिक्के किंवा नावं आहेत का, कूपन कापलेलं आहे का.

सेलोटेप कधीही लावू नका. त्याचा डिंक कागदात उतरून कायमचा तपकिरी डाग पडतो. स्वस्त कागदातल्या लिग्निनमुळे ऊन आणि हवा लागली की पानं पिवळी, ठिसूळ होतात. म्हणून अंक उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा. पिशव्या पीव्हीसीच्या नकोत, पॉलिप्रॉपिलिनच्या चालतील.

माझ्या वडिलांनी सर्वांत आवडते चाळीस अंक हौसेने बांधून घेतले होते. बाइंडिंगवाल्याने कडा सारख्या करताना चित्रांच्या चौकटी छाटल्या आणि मुखपृष्ठं काढून टाकली. दुर्मीळ अंक नेमके त्याच चाळिसांत होते.

मग सुरुवात कुठून करायची?

वहीपासून. अंकाचं नाव, क्रमांक, तारीख, भाषा, छापील किंमत आणि अवस्था असे सहा रकाने आखा. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठाचा फोटो घ्या. त्यानंतर कोणती किंमत हवी, ते ठरवा. विक्रेता देईल ती, थेट संग्राहकाकडून मिळेल ती, की असाच संग्रह पुन्हा उभा करायला लागेल ती? तिन्ही वेगवेगळ्या. भावंडांत वाटणी करायची असेल तर यातली एकच सर्वांनी मान्य करावी.

आमच्याकडे यादी झाल्यावर सुटे अंक एका संग्राहकाकडे गेले. त्याला त्यातले बारा अंक कित्येक वर्षं हवे होते. बांधलेला खंड मात्र घरी राहिला. बाजारात त्याला जवळपास काहीच मिळालं नसतं. तो यादीतही आहे. किमतीच्या रकान्यात बहिणीने तिथे फक्त ‘विकायचा नाही’ असं लिहिलं.