वेसण कुणाच्या हाती?

सुपरमॅन पहिल्यांदा कागदावर उतरला तो खलनायक म्हणून. १९३३ साली क्लीव्हलंडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या शाळकरी मित्रांनी स्वतः काढलेल्या पत्रिकेत एक गोष्ट छापली. मंदीचे दिवस होते. फुकटच्या पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका भणंगाला एक शास्त्रज्ञ घरी नेतो आणि त्याच्यावर रसायनाचा प्रयोग करतो. भणंगाला लोकांच्या मनातलं ऐकू येऊ लागतं. मग तो शास्त्रज्ञालाच मारून जगाचा मालक व्हायला निघतो. रसायनाचा अंमल उतरल्यावर मात्र पुन्हा तीच रांग त्याच्या नशिबी येते. १९३८ मध्ये त्याच दोघांनी तेच नाव एका भल्या माणसाला दिलं आणि तो जगभर पोचला. अफाट ताकद मिळाली की माणूस बिघडतो, ही मूळ कल्पना पुढे बरीच वर्षं मागे पडली. १९५४ पासून अमेरिकी कॉमिक्सना आचारसंहिता लागली आणि शेवटी चांगल्याचाच विजय व्हायला हवा असं ठरून गेलं.

आपल्याकडे अशा नायकांची ओळख झाली ती इंद्रजाल कॉमिक्समधून. मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ही मालिका सुरू झाली. वेताळ आणि मँड्रेक मराठी बोलू लागले, १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर त्यांच्या जोडीला आला आणि १९९० मध्ये मालिका बंद पडली. आमच्या देवणीच्या पोरांच्या हाती हे अंक उदगीरमार्गे यायचे, तेही बहुधा आधी दहा हातांतून फिरून, कोपरे दुमडलेले. पण त्या वाचनात नायक उलटेल अशी भीती कधी वाटली नाही, आणि त्याला कारण होतं. वेताळाकडे दैवी शक्ती नव्हतीच. तो मरायचा, त्याचा मुलगा कवटीवर शपथ घेऊन गादीवर बसायचा आणि जंगलाला वाटायचं, हा अमर आहे. त्याची ताकद म्हणजे त्याचा दबदबा. असा माणूस बिघडलाच, तर एका गोळीत प्रश्न मिटला असता.

देवणी वळूच्या अंगात किती जोर असतो हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तरी पोरंटोरं त्याच्या जवळून बिनघोर जातात, कारण नाकात वेसण असते आणि वेसण कुणाच्या तरी हातात असते. बिघडलेल्या महानायकाच्या सगळ्या गोष्टी या एकाच चिंतेतून निघाल्या आहेत. याला वेसण आहे का, आणि असली तर ती कुणाच्या हाती?

महाभारतानं हा प्रश्न फार आधी विचारला होता. वृत्रवधानंतर इंद्र पाण्यात दडून बसला तेव्हा देव आणि ऋषी नहुष राजाकडे गेले. त्यानं आधी नकार दिला, मी दुबळा आहे म्हणाला. तेव्हा ज्याच्याकडे पाहशील त्याचं तेज तुला मिळेल, असं सामर्थ्य त्यांनी त्याला दिलं. भला राजा होता, काही काळ नीट चाललं. मग त्याची नजर इंद्राच्या शचीवर गेली, पालखीला ऋषी जुंपले गेले आणि अगस्त्यांना लाथ बसली. अनुशासनपर्वात यातली खरी मेख आहे. समोर येईल त्याचं तेज हरपत असल्यानं शाप देणार कोण? म्हणून भृगू अगस्त्यांच्या जटेत दडून बसले, नहुषाच्या नजरेआड, आणि तिथूनच त्यांनी शाप दिला. नहुष सर्प होऊन पडला. मराठी वाचकाला हा राजा ओळखीचा आहे तो खांडेकरांच्या ‘ययाति’मुळे, त्या घराण्याच्या दुःखाचं मूळ याच उन्मादात आहे.

अमेरिकी कॉमिक्स या वळणावर पोचली १९८० मध्ये. ‘एक्स-मेन’मधली जीन ग्रे फिनिक्सच्या शक्तीनं बेभान होऊन एक तारा गिळते आणि त्या ताऱ्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव नष्ट होतात. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवायचं ठरवलं होतं. संपादक जिम शूटर अडून बसले. एवढ्या संहारानंतर नायिका मोकळी सुटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवट बदलला आणि जीन मेली. इथे वेसण ओढणारा हात गोष्टीबाहेरचा होता.

पुढच्या पाचसहा वर्षांत दोष शक्तीकडून हेतूकडे सरकला. मार्क ग्रूनवाल्ड यांच्या ‘स्क्वाड्रन सुप्रीम’मध्ये (१९८५-८६) उद्ध्वस्त झालेला देश सावरायला नायक वर्षभरासाठी सत्ता हाती घेतात. भूक आणि गुन्हेगारी संपवायचं वचन देतात. गुन्हेगारांचं मन बदलणारं यंत्र बनवतात. लवकरच त्यांच्यातलाच एकजण ते यंत्र आपल्याला नाकारणाऱ्या मुलीवर चालवतो. नाइटहॉक हा जुना सहकारी विचारतो, तुमच्यानंतर ही यंत्रणा एखाद्या जुलमी माणसाच्या हाती गेली तर? याच सुमारास ॲलन मूर यांच्या ‘वॉचमेन’मध्ये जगातला सर्वांत हुशार नायक युद्ध टाळण्यासाठी न्यूयॉर्कमधली लाखो माणसं मारतो. ‘मिरॅकलमॅन’मध्ये तर लंडनची राखरांगोळी करणारा पूर्वीचा बालनायकच असतो.

त्याच वर्षांत आपल्याकडे गाडी उलट्या दिशेनं चालली होती. १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला. त्याचे सुरुवातीचे अंक काढणारे प्रताप मुळीक पुण्याचे. अमर चित्रकथेतून त्यांचा हात आधीच घरोघरी पोचला होता. नागराज जन्मतो ते विक्रीचं हत्यार म्हणून. प्रोफेसर नागमणी त्याला दहशतवाद्यांना भाड्यानं द्यायला तयार करतो. बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातली ताबा ठेवणारी कुपी काढतात आणि तो रक्षक होतो. नवनाथांच्या पोथ्या वाचल्या जाणाऱ्या मुलखात गोरखनाथांनी कुणाला सोडवावं यात नवल नव्हतं. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेला शक्तिमान तर गुरूंच्या आज्ञेबाहेर पाऊल टाकत नसे. आपल्या नायकांची वेसण गुरूच्या हाती होती. गुरू चुकला तर काय, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

अमेरिकेत १९९४ मध्ये दुःखाची पाळी आली. शहर बेचिराख झाल्यानं ग्रीन लँटर्न हॅल जॉर्डन वेडापिसा होतो आणि आपल्याच सहकाऱ्यांचा घात करतो. २००३ च्या ‘रेड सन’मध्ये सुपरमॅन सोव्हिएत भूमीवर वाढतो आणि सगळ्यांची काळजी घेता घेता सगळ्यांवर पाळत ठेवतो. २००९ मध्ये मार्क वेड यांनी ‘इरिडीमेबल’ सुरू केलं. त्यातल्या प्लुटोनियनला मैलांवरची कुजबुज ऐकू येते आणि त्याला टीका सोसत नाही. हजारो जीव वाचवूनही कानावर पडलेला एक टोमणा त्याला पोखरत राहतो. मला हा सगळ्यांत खरा वाटतो. त्याचं चांगुलपण कौतुकावर जगत होतं. कौतुक आटलं तसं तेही आटलं.

या वाटेवरचा शेवटचा मुक्काम म्हणजे ‘द बॉईज’मधला होमलँडर. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांनी २००६ मध्ये कॉमिक्समधून आणलेला हा माणूस २०१९ मध्ये पडद्यावर आला, आणि आता गावातली पोरं त्याला मोबाइलवर पाहतात. एका कंपनीनं प्रयोगशाळेत वाढवलेला हा देखणा राक्षस. २०२२ च्या एका भागात तो भर गर्दीत निषेध करणाऱ्या एकाला डोळ्यांच्या किरणांनी मारतो. क्षणभर शांतता पसरते आणि मग गर्दी टाळ्या वाजवते. चार दशकांत दोष शक्तीतून हेतूत, हेतूतून दुखऱ्या अहंकारात आणि शेवटी पाहणाऱ्यांत उतरला तो इथे.

उलट टोक गाठल्यावर आता पाऊल थोडं मागे येतंय. जुलै २०२५ मध्ये आलेल्या जेम्स गन यांच्या ‘सुपरमॅन’मध्ये नायक भलाच आहे. तरी पत्रकार लोइस मुलाखतीत त्याला धारेवर धरते, की कुणालाही न विचारता तू दोन देशांच्या युद्धात कसा पडलास? तो चिडतो, पण समोर बसलेला असतो. भल्या माणसालाही हे विचारावं लागतं, आणि त्यानं ते ऐकून घ्यावं लागतं.

राहिला प्रश्न परतीचा. हॅल जॉर्डनला २००४-०५ मध्ये परत आणताना लेखकांनी सारा दोष त्याच्या अंगात शिरलेल्या भीतीच्या किड्यावर टाकला आणि नायक स्वच्छ करून दिला. वनपर्वातला नहुष अशी पळवाट काढत नाही. अजगर होऊन भीमाला विळखा घातलेला असताना तो युधिष्ठिराशी धर्माची चर्चा करतो, त्याची उत्तरं पटवून घेतो आणि ऐश्वर्याच्या मदानं मी बुडालो, हे स्वतःच्या तोंडानं सांगतो. मग भीम सुटतो आणि नहुषही. नव्वद वर्षांच्या कॉमिक्सकडे वळून पाहताना हा एक प्रसंग तिथे क्वचितच सापडतो: महाबली माणूस कुणाचं नाव पुढे न करता म्हणतो, चूक माझी होती.