नोंदवही बदलताना

मुलांनो, समजा तुमच्या घरी बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आहे. तिच्यात आपाच्या निकाहाची छायाचित्रे आहेत, अब्बांच्या कागदपत्रांच्या प्रती आहेत आणि दादीच्या आवाजातल्या गोष्टी आहेत. एके दिवशी तुम्ही तिच्यात 6 जीबीची चित्रफीत ठेवू पाहता. डिस्कवर 200 जीबी जागा रिकामी आहे. तरीही संगणक सांगतो, ‘फाइल फार मोठी आहे.’ असे का होते?

ग्रंथालयात हजारो पुस्तके असतात. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे नोंदवहीत लिहिलेले असते. उर्दूत जिला आपण फेहरिस्त म्हणतो, तशीच ही वही. डिस्कवरही अशी वही असते. ती लिहिण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. फॅट-32 ही 1996 साली आलेली पद्धत. तिच्या वहीत फाइलचा आकार लिहायला 32 बिटांचाच रकाना आहे. त्यात 4,29,49,67,295 पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणून 4 जीबीची फाइलसुद्धा तिथे राहू शकत नाही, मग 6 जीबीची कुठून राहणार!

अशा वेळी कोणीतरी चटकन सांगतो, ‘फॉरमॅट कर.’ हा सल्ला अर्धवट आहे. फॉरमॅट केले की जुनी वही जाते आणि कोरी वही येते. पुस्तके काही काळ कपाटातच असतात; पण संगणकाला सगळी कपाटे रिकामी वाटतात. तो जुन्या पुस्तकांच्या जागी नवी ठेवू लागतो. मग दादीच्या गोष्टी परत मिळतीलच असे नाही.

विंडोजमध्ये ‘कन्व्हर्ट’ नावाची आज्ञा आहे. ती फॅट-32 ची वही एनटीएफएस पद्धतीने नव्याने लिहिते. फाइली जागच्या जागी राहतात. नवी वही रिकाम्या जागेत लिहिली जाते, म्हणून डिस्क काठोकाठ भरलेली नसावी. काम चालू असताना वीज गेली किंवा तार निघाली, तर मात्र घोटाळा होऊ शकतो. शिवाय ही वाट एकेरी आहे. त्याच आज्ञेने फॅट-32 कडे परत येता येत नाही.

मॅक संगणक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण इतर साधनांच्या मदतीशिवाय तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे वापरायची असेल तर एक्सफॅट ही 2006 सालची पद्धत बरी. तिच्यासाठी ‘कन्व्हर्ट’ चालत नाही. फॉरमॅटच करावे लागते. म्हणून आधी सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागावर घेतलेल्या प्रतीवर मी तरी विसंबणार नाही. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या व एकूण आकार जुळतो का ते पाहा. काही फाइली उघडून पाहा. मोठ्या चित्रफिती तर शेवटपर्यंत पाहा. मगच फॉरमॅट करा, तेही डिस्कचे नाव दोनदा वाचून. त्यानंतर फाइली परत आणा. त्या नीट आल्याची खात्री होईपर्यंत प्रत पुसू नका.

एनटीएफएस आपल्या वहीतल्या बदलांचा रोजनामचा ठेवते. अचानक तार निघाली, तर त्यावरून वही सावरता येते. एक्सफॅटजवळ असा रोजनामचा नाही. म्हणून ती डिस्क काढताना आधी संगणकाला ‘सुरक्षितपणे काढा’ असे सांगा आणि त्याचा होकार आल्यावरच तार ओढा.