स्तनांची सोनोग्राफी : भीती नको, माहिती हवी

आपल्या मराठवाड्यात सोनोग्राफी म्हटले की गरोदर स्त्रीच डोळ्यांसमोर येते. हिंगोली, वसमत किंवा कळमनुरी येथील कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात तर गर्भलिंग तपासणी केली जात नाही असा फलक प्रथम दिसतो. 1994 च्या कायद्यानुसार असा फलक लावणे व यंत्राची नोंदणी करणे बंधनकारक आहे. परंतु याच यंत्राने स्तनातील गाठीचीही तपासणी होते, ही गोष्ट अनेक भगिनींना ठाऊक नसते. म्हणून या तपासणीविषयी थोडी माहिती करून घेऊ.

मनुष्याचा कान साधारणपणे सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू शकतो. सोनोग्राफीत त्याहून कितीतरी पटींनी सूक्ष्म, सेकंदाला लक्षावधी कंपनांच्या ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात. निरनिराळ्या पेशीजालांवर आदळून त्यांचे प्रतिध्वनी परत येतात आणि त्यांवरून पडद्यावर चित्र उमटते. यात क्ष-किरण नसल्यामुळे गरोदर व स्तनदा मातांनाही ही तपासणी निर्धोक आहे.

तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही. स्त्रीला उताणे झोपवून हात डोक्याकडे घ्यावयास सांगतात, त्वचेवर थंड जेल लावतात आणि हातात मावणारे उपकरण स्तनावरून व काखेतून हळुवार फिरवितात. सुई नाही, वेदना नाहीत. बहुधा अर्ध्या तासात सारे आटोपते. तपासणीच्या वेळी स्त्री परिचारिका अथवा घरची स्त्री जवळ असावी, अशी विनंती अवश्य करावी.

यातून काय कळते? पहिली गोष्ट, गाठ पाण्याची आहे की भरीव. साधी पाण्याची गाठ पडद्यावर काळी व रेखीव दिसते आणि ती सहसा निरुपद्रवी असते. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या स्तनात पू झाला असल्यास तोही दिसतो. तरुण मुलींमध्ये आढळणारी गुळगुळीत कडांची भरीव गाठ बहुधा कर्करोगाची नसते. मात्र कडा वेड्यावाकड्या असतील, गाठ रुंदीपेक्षा उंचीने अधिक असेल किंवा काखेतील गाठी सुजलेल्या असतील, तर डॉक्टर पुढील तपासणी सुचवितात. अहवालात ‘बायरॅड्स’ या नावापुढे 0 ते 6 पैकी एक अंक असतो. 2 म्हणजे निरुपद्रवी. 4 किंवा 5 म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे आवश्यक. कर्करोगाचे निश्चित निदान या तुकड्याच्या तपासणीनेच होते, केवळ सोनोग्राफीने नव्हे.

या तपासणीला मर्यादाही आहेत. चुन्याचे अतिसूक्ष्म कण सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत. त्यासाठी मॅमोग्राफी लागते. तिशीच्या आतील स्त्रीला गाठ जाणवल्यास प्रथम सोनोग्राफी करतात. चाळिशीनंतर बहुधा दोन्ही तपासण्या करतात.

यंत्रापूर्वी प्रशिक्षित हातांचेही मोल मोठे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही आणि म्हणूनच ती लपविली जाते. लाजेपोटी गेलेले महिने परत मिळत नाहीत. गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारे रक्त यांपैकी काहीही आढळल्यास आशाताईंना सांगावे, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय गाठावे. पुढील उपचार लागल्यास छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

पतींनी व मुलांनीही हा विषय केवळ बायकांचा मानू नये. घरातील माउली स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी सांगते. तिला आपणच प्रथम विचारावे.