मिस्टिक खरंच बदलली का?

मार्व्हलच्या ‘मिस मार्व्हल’ कॉमिकमध्ये १९७८ साली आलेली, कुणाचंही रूप घेऊ शकणारी निळ्या कातडीची मिस्टिक अस्सल खलनायिका होती. १९८१च्या कथेत सिनेटर रॉबर्ट केलीच्या खुनाचा कट तिचाच. चित्रपटांत जेनिफर लॉरेन्सने २०११पासून ही भूमिका केली आणि मिस्टिक सुधारली, असं बरेच जण मानतात. कॉमिकमध्ये मात्र हे वळण कितीतरी आधीचं. १९८५मध्ये तिची टोळी ‘फ्रीडम फोर्स’ नावाने अमेरिकी सरकारसाठी राबू लागली; २००३च्या स्वतंत्र मालिकेत ती एक्स-मेन या नायकसंघाचा संस्थापक प्रोफेसर झेवियरची हेर झाली.

सरकारी काम तिने माफीच्या बदल्यात पत्करलं, मग परिवर्तन कसलं, हा आक्षेप रास्त आहे. पण मानलेली मुलगी ‘रोग’ १९८३मध्ये एक्स-मेनकडे गेली, तेव्हा मिस्टिक त्यांच्यावर तुटून पडली ती सत्तेसाठी नव्हे, लेकीसाठी. स्वतःच्या मुलाला, नाइटक्रॉलरला, टाकून देणारीही हीच बाई, म्हणून तिला साध्वी ठरवण्याचं कारण नाही. तिची नीती बदललीच नाही. लेखकांनी तिच्या मायेला हळूहळू जास्त जागा दिली, आणि माझ्या मते हाच तिच्या पात्राचा खरा कस आहे.